काठावरचे नाव : मुरबाड, शहापूर आणि युद्धपदकांचा इतिहास

१/२४
जुने युद्धपदक हाती आले की बहुतेकांची नजर प्रथम त्यावरील राजाच्या किंवा राणीच्या मुखवट्यावर जाते. जाणता संग्राहक मात्र पदक उभे धरतो आणि त्याचा काठ उजेडात फिरवून पाहतो. जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या त्या काठावर रोमन अक्षरांत एक ओळ असते : क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण. राजाचा चेहरा लाखो पदकांवर एकसारखाच असतो. काठावरची ओळ मात्र एकाच माणसाची असते. हा थ्रेड त्या ओळीविषयी आहे.

२/२४
आरंभी एक भेद स्पष्ट असावा. शौर्यपदक विशिष्ट पराक्रमासाठी मिळते. मोहीमपदक विशिष्ट काळात, विशिष्ट रणभूमीवर हजर असलेल्या सर्वांना मिळते. म्हणजे मोहीमपदक हा एका अर्थाने हजेरीपट आहे. ज्या शिपायाने पत्र लिहिले नाही, ज्याचे चित्र कोणी काढले नाही, तो अमुक साली अमुक ठिकाणी होता, एवढे तो धातू सांगतो. आणि हजेरीपट म्हटला की दुसरा प्रश्न ओघानेच येतो : हजर असूनही कोणाचे नाव लागले नाही?

३/२४
या प्रश्नासाठी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड आणि शहापूर हे दोन तालुके सोयीचे आहेत. शहापुरातून मुंबई-आग्रा रस्ता आणि लोहमार्ग थळघाटाकडे चढतात. मुरबाडमधून नाणेघाट आणि माळशेजच्या वाटा जुन्नरकडे जातात. फौजा, तांडे, टपाल आणि रंगरूट यांची ये-जा या वाटांना नवी नाही. शिवाय, आधुनिक भारताच्या इतिहासात मोलाचे स्थान असलेले एक लष्करी घराणे मुरबाडचेच आहे. त्याच्याकडे पुढे येऊच.

४/२४
पदक येण्यापूर्वी आपल्याकडे पराक्रमाची नोंद कशी होत असे? मध्ययुगात वीरगळ उभारले जात. मराठेशाहीत सोन्याचे कडे, तोडा, शेला-पागोटे, इनाम जमीन किंवा वतन मिळे. लढाईत पडलेल्याच्या मुलांसाठी ‘बालपरवेशी’ म्हणून नेमणूक करून दिली जाई. बक्षीस उपयोगाचे असे. त्यावर पोट चाले. छातीवर लावण्याची, विकून फारसे काही न मिळणारी, पण सर्वांना एकसारखी असलेली धातूची चकती ही कल्पना कंपनी सरकारबरोबर आली.

५/२४
ईस्ट इंडिया कंपनीने हिंदी शिपायांना मोहिमेसाठी दिलेले पहिले पदक मराठ्यांविरुद्धच्या युद्धाचे आहे, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. ते ‘डेक्कन मेडल’ होय. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धानंतर, १७८४ साली ते तयार झाले. एका बाजूला शस्त्रांच्या राशीवर बसलेली ब्रिटानिया किल्ल्याच्या दिशेने पुष्पचक्र पुढे करते. दुसऱ्या बाजूला फारसी लेख आहे. फीत नव्हती, दोरीत ओवून ते गळ्यात घालत. काठावर नाव नव्हते. कोणी मिळवले हे त्या पदकावरून कळत नाही.

६/२४
पण कोणाला मिळाले नाही, हे कळते. हे पदक बंगालहून देश ओलांडून पश्चिमेस आलेल्या हिंदी पलटणींसाठी होते. डिसेंबर १७८० मध्ये जनरल गॉडर्डने वसई घेतली. त्या वेढ्याला बाहेरून मदत पोहोचू नये म्हणून कर्नल हार्टली मुंबईच्या फौजेसह पूर्वेकडे उभा होता. आजच्या भिवंडी तालुक्यातील दुगाड येथे झालेल्या लढाईत मराठ्यांचे सरदार रामचंद्र गणेश कानडे पडले. शहापूरच्या शेजारच्याच तालुक्यातली ही लढाई. हार्टलीच्या हाताखाली लढलेल्या मुंबईच्या शिपायांना डेक्कन मेडल मिळाले नाही. एकच युद्ध, एकच धनी. हजेरीपट मात्र अर्धाच.

७/२४
पुढचा टप्पा १८५१ चा. १८०३ ते १८२६ या काळातील लढायांसाठी कंपनीने ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’ जाहीर केले. लढाईच्या नावाची आडवी पट्टी फितीवर बसवण्याची पद्धत यात दिसते. असई, आडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, कोरेगाव, सीताबर्डी, महिदपूर : मराठी सत्तेच्या अस्ताचा नकाशाच या पट्ट्यांवर उतरला आहे. आता काठावर नावही आले. अट मात्र अशी की, पदक त्या वेळी हयात असलेल्यांनाच मिळणार होते. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला लढलेल्या शिपायाने त्यासाठी आणखी तेहतीस वर्षे जगायला हवे होते. जे तिथेच पडले, त्यांच्या घरी काहीच आले नाही.

८/२४
कोरेगावला पडलेल्यांची नावे पदकावर नाहीत, पण विजयस्तंभावर आहेत. त्यांत रामनाक, येसनाक अशी ‘नाक’ प्रत्ययाची नावे वारंवार दिसतात. हा प्रत्यय त्या काळी महार शिपायांच्या नावांत येत असे. म्हणून एकोणिसाव्या शतकातील पदकाच्या काठावर किंवा पलटणीच्या यादीत असा प्रत्यय आढळला की अभ्यासक थांबतो. जातीचा रकाना नसलेल्या ओळीतही सामाजिक इतिहास लपलेला असतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

९/२४
आता मुरबाडकडे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या मातोश्री भीमाबाई या मुरबाडकर घराण्यातल्या. मुरबाड तालुक्यातील आंबेटेंभे हे त्यांचे माहेर, म्हणजे बाबासाहेबांचे आजोळ. भीमाबाईंचे वडील आणि सहा चुलते असे सातही जण सैन्यात सुभेदार-मेजर होते, असे बाबासाहेबांचे चरित्रकार सांगतात. भीमाबाईंचे पती रामजी मालोजी सकपाळ हेही सैन्यातले, आणि रामजींचे वडील मालोजी हेही. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू या लष्करी छावणीत झाला तो याच परंपरेमुळे.

१०/२४
सात सुभेदार-मेजर ही विलक्षण गोष्ट आहे. एका पलटणीत एका वेळी एकच सुभेदार-मेजर असे. हिंदी शिपायाला गाठता येणारा तो सर्वोच्च हुद्दा होता. मग सात भाऊ त्या पदावर असतील, तर ते निरनिराळ्या पलटणींत किंवा निरनिराळ्या काळांत असले पाहिजेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशी घराण्याची आठवण ना डोळे मिटून स्वीकारावी, ना हसून टाकावी. ती तपासण्याची साधने असतात : सैन्याच्या वार्षिक याद्या, पेन्शनीचे कागद, पदकांची नोंदपत्रके आणि स्वतः पदके.

११/२४
तपासताना एक फसगत टाळावी लागते. पदकाच्या काठावर असतो तो हुद्दा मोहिमेच्या वेळचा, निवृत्तीच्या वेळचा नव्हे. पुढे सुभेदार-मेजर झालेल्या माणसाच्या तरुणपणच्या पदकावर ‘शिपाई’ किंवा ‘नाईक’ असे कोरलेले असू शकते. घरातले लोक सांगतात ‘सुभेदार’ आणि पदक सांगते ‘शिपाई’, तेव्हा दोघेही खरे असू शकतात. अशी दोन-तीन पदके एकत्र असतील, तर एका माणसाची बढती पायरी पायरीने वाचता येते. म्हणूनच एका माणसाची पदके वेगवेगळी विकणे म्हणजे चरित्राची पाने सुटी करून विकणे होय.

१२/२४
मुंबई इलाख्याचे सैन्य त्या काळात कुठे कुठे गेले? १८४८-४९ मध्ये मुलतान : पंजाब मेडल. १८५६-५७ मध्ये इराण : इंडिया जनरल सर्व्हिस मेडलवर ‘पर्शिया’ची पट्टी. १८६७-६८ मध्ये ॲबिसिनिया, म्हणजे आजचा इथिओपिया. १८७८ ते १८८० अफगाणिस्तान. त्यानंतर ब्रह्मदेश आणि चीन. कोकणातला किंवा घाटाखालचा माणूस जहाजाने तांबड्या समुद्रापलीकडे जाऊन परत आला, याची घरात उरलेली एकमेव खूण बहुधा अशी चकतीच असते.

१३/२४
ॲबिसिनियाची मोहीम तर मुंबईचीच होती. मुंबईच्या सैन्याचा सरसेनापती रॉबर्ट नेपियर तिचा प्रमुख होता, फौजा प्रामुख्याने मुंबई बंदरातून निघाल्या, आणि १३ एप्रिल १८६८ रोजी मगदाला पडले. या मोहिमेचे पदक रचनेने वेगळे आहे. इथे नाव काठावर नसून मागील बाजूच्या मधोमध, वेलपत्तीच्या वर्तुळात असते. ब्रिटिशांची नावे उठावाच्या अक्षरांत घडवली गेली. ते काम महागडे होते. हिंदी सैनिकांच्या पदकांवर सामान्यतः नावाचा साधा ठसा मारला गेला. फरक केवळ अक्षरांच्या उंचीचा आहे, पण तो पुरेसा बोलका आहे.

१४/२४
पराभवाची नोंद पदक कशी करते? करीतच नाही. २७ जुलै १८८० रोजी मैवंद येथे अयुबखानाने ब्रिगेडियर बरोज याच्या फौजेचा धुव्वा उडवला. सुमारे अडीच हजारांच्या त्या फौजेतील नऊशेहून अधिक माणसे मारली गेली. मुंबईची पहिली ग्रेनेडिअर पलटण आणि जेकब्ज रायफल्स तिथे होत्या. अफगाणिस्तान मेडलला सहा पट्ट्या आहेत, मैवंदची नाही. उलट काबूलहून कंदाहारला कूच करून विजय मिळवणाऱ्या फौजेला वेगळा तारा मिळाला, आणि तोही अयुबखानाच्या पाडाव केलेल्या तोफांच्या धातूचा. संग्राहकाने पट्टीविना असलेल्या साध्या पदकाला कमी लेखू नये, ते यासाठीच. त्यामागे एखादे मैवंद असू शकते.

१५/२४
धातूचीही एक भाषा असते. फौजेबरोबर भिस्ती, डोलीवाले, मोतद्दार, आचारी आणि ओझी वाहणारे चालत. गोळी त्यांनाही लागे. १८८५ च्या ब्रह्मदेश मोहिमेपासून अशा अनुचरांना तेच पदक देण्याचा प्रघात पडला, पण चांदीऐवजी ब्राँझमध्ये. नक्षी तीच, पट्टी तीच, रंग वेगळा. बाजारात ब्राँझचे पदक बराच काळ दुय्यम मानले गेले. इतिहासाच्या दृष्टीने ते दुर्मीळ आहे, कारण त्याच्या काठावर ज्यांची नावे आहेत त्यांच्याविषयी अन्यत्र एक ओळही सापडणे अवघड असते.

१६/२४
सैन्यातून परतलेल्या महार शिपायाच्या घरात पेन्शन आणि पदक याखेरीज आणखी एक गोष्ट येत असे : अक्षर. सैनिकांना आणि त्यांच्या मुलामुलींना छावणीतील शाळेत शिकता येई. रामजी सकपाळ स्वतः अशाच लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. मात्र गावात परतल्यावर विटाळ तसाच होता. सरकारने ज्याचे नाव चांदीवर कोरले, त्याला सार्वजनिक पाणवठा बंद होता. हा विसंवाद ज्यांना सर्वांत तीव्रतेने जाणवला, ते हे पेन्शनर होते.

१७/२४
आणि मग दारच बंद झाले. ‘लढाऊ जाती’च्या सिद्धान्ताने सैन्याची फेररचना झाली आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती थांबवण्यात आली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली सरसेनापतींकडे अर्ज तयार केला. रामजी सकपाळांनीही न्यायमूर्ती रानडे यांच्या साहाय्याने गाऱ्हाणे मांडले, असे चरित्रकार नोंदवतात. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. या अर्जांचा मुख्य आधार पूर्वजांची सैनिकी सेवा हा होता. ‘आम्ही तिथे होतो’ हा युक्तिवाद होता. पदक म्हणजे त्याचे सरकारी शिक्क्यानिशी मिळालेले प्रमाण.

१८/२४
१९१४ साली महायुद्ध पेटले. शहापूर तालुक्यातील आसनगाव, खर्डी, कसारा ही स्थानके ज्या मार्गावर आहेत, तो मार्ग थळघाट चढून देवळालीच्या लष्करी छावणीकडे जातो. मेसोपोटेमियात सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात त्या डिसेंबर १९१५ पासून अडकल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरणागती झाली. अशा सैनिकाच्या वाट्याला तीन पदके येत : १९१४-१५ चा ब्राँझ तारा, चांदीचे ब्रिटिश वॉर मेडल आणि इंद्रधनुषी फितीचे व्हिक्टरी मेडल. ताऱ्याच्या सपाट पाठीवर नाव असते, उरलेल्या दोहोंच्या काठावर.

१९/२४
मेसोपोटेमियात पडलेल्या आणि थडगे नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी १९२९ साली बसरा येथे स्मारक झाले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीगणिक केवळ संख्या दिली गेली. दगडावर ज्याचा आकडा झाला, त्याचे नाव घरी पोहोचलेल्या पदकाच्या काठावर मात्र पूर्ण होते. मृताच्या वारसांना ब्राँझची एक मोठी स्मृतिचकतीही मिळे. तिच्यावर मुद्दाम हुद्दा घातलेला नव्हता. मृत्यूत सगळे समान, हा त्यामागचा विचार. बसऱ्याच्या दगडावर तो विचार पोहोचला नाही.

२०/२४
माणसे कमी पडू लागली तेव्हा सरकारला पूर्वी नाकारलेल्यांची आठवण झाली. १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली. १९२१ पर्यंत ती मोडलीही गेली. या पलटणीतील सेवेबद्दल कोणाला १९१४-१५ चा तारा मिळणे शक्यच नव्हते, कारण तो तारा १९१५ अखेरपर्यंतच्या सेवेसाठी होता. पदकांच्या रांगेत जे नाही, तेही वाचायला शिकले पाहिजे. इथे ताऱ्याची रिकामी जागा म्हणजे पंचवीस वर्षांच्या भरतीबंदीचा पुरावा आहे. ती बंदी खऱ्या अर्थाने उठली १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा. त्यामागे आंबेडकरांचा सततचा पाठपुरावा होता. त्यांच्या आईचे माहेर त्याच जुन्या सैनिकी परंपरेतले होते.

२१/२४
दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांत एक गमतीचा उलटा न्याय आहे. खर्च आणि वेळ वाचवण्यासाठी ब्रिटिश सैनिकांची पदके कोरीच वाटली गेली. हिंदी सैनिकांच्या पदकांवर मात्र नावे घातली गेली. त्यामुळे आफ्रिका स्टार, बर्मा स्टार किंवा इटली स्टार यांवर हिंदी नाव दिसले, तर त्या माणसाचा माग काढता येतो. लंडनच्या घरातल्या कोऱ्या ताऱ्याचा काढता येत नाही. भारतातच, रणभूमीबाहेर, किमान तीन वर्षे सेवा केलेल्यांसाठी ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ होते.

२२/२४
याच काळात मुरबाड तालुक्यात दुसरेही एक युद्ध चालले होते. माथेरानचे भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडून सरकारच्या युद्धयंत्रणेलाच हात घातला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठले. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्या लढ्यासाठी कोणते मोहीमपदक निघणार? स्वातंत्र्यसैनिकांना सरकारने ताम्रपट दिले ते १९७२ साली. आणि १९४७ च्या स्वातंत्र्याचे जे पदक सैनिकांना मिळाले, त्यावर अशोकचक्राच्या माथ्यावर ब्रिटिश राजमुकुट होता. एकाच तालुक्यातले दोन तरुण, दोन विरुद्ध बाजू. इतिहासाने दोघांपैकी एकाला पुसून दुसऱ्याला ठेवण्याचे कारण नाही. दोघांच्याही घरची निकड, राग आणि आशा समजून घेणे, हेच त्याचे काम.

२३/२४
ही पदके गेली कुठे? ब्रिटिश वॉर मेडलमध्ये अडीच तोळ्यांहून थोडी अधिक चांदी असते. एकूण सुमारे ६५ लाख चांदीची पदके निघाली. अडीअडचणीला अनेक पदके सोनाराच्या मुशीत गेली; १९८० च्या आरंभी चांदीचा भाव जगभर भडकला, तेव्हा तर असंख्य वितळली. जी उरली आहेत त्यांच्यासाठी चार गोष्टी पाळाव्यात. घासून चकाकी आणू नये. दर घासण्याबरोबर काठावरची अक्षरे झिजतात. एका माणसाची पदके एकत्र ठेवावीत. जुनी फीत फाटकी असली तरी टाकू नये. विकत घेताना काठ नीट पाहावा : खरवडून नवे नाव घातलेली आणि पूर्णतः नक्कल असलेली पदके बाजारात असतात. शंभर वर्षे पुरी झालेल्या ऐतिहासिक वस्तूंच्या व्यापारावर आणि परदेशी नेण्यावर १९७२ च्या केंद्रीय कायद्याचे निर्बंध आहेत, आणि पहिल्या महायुद्धाची पदके आता त्या वयाला पोहोचली आहेत.

२४/२४
मुरबाडच्या वैशाखरे गावाकडून नाणेघाट चढून गेले की माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राजकुलाच्या प्रतिमांची जागा दिसते. प्रतिमा केव्हाच नष्ट झाल्या. त्यांच्या वर कोरलेली ब्राह्मी नावे राहिली, म्हणून तिथे कोण उभे होते हे दोन हजार वर्षांनी कळते. कोकणातल्या आणि देशावरच्या अनेक वीरगळांची स्थिती उलट : लढणारा माणूस स्पष्ट दिसतो, त्याचे नाव नाही. युद्धपदकाने राजाचा चेहरा आणि शिपायाचे नाव यांना एकाच धातूवर जागा दिली. नाव मात्र काठावर ढकलले. ते काठावरून मध्यभागी आणणे संग्राहकाच्या आणि अभ्यासकाच्या हाती आहे. कोणाच्या घरी ट्रंकेच्या तळाशी, जुन्या पागोट्यात गुंडाळलेली अशी चकती असेल, तर ती पुसू नये. उजेडात धरावी, काठावरची ओळ अक्षर न अक्षर वहीत उतरवून घ्यावी, आणि घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला ते नाव मोठ्याने वाचून दाखवावे. पुढचा इतिहास बहुधा तिथूनच सुरू होतो.